माईंसाठी राखलेली विहीर

"तिथल्या विहिरीत औषध टाकतात म्हणे," माई आतून म्हणाल्या. "जांभळं पाणी माझ्या देवांना चालायचं नाही. तुम्ही सगळे खुशाल जा. मी राहते इथे देवांपाशी."

ओटीवर बसलेल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवर खोल्यांचा नकाशा पसरून बसलो होतो. कोण कुठे झोपणार हे नुकतंच ठरलं होतं आणि त्यातच सकाळ गेली होती.

"ऐकलंत ना भिडे?" अप्पा मला म्हणाले. "आता बोला."

मी तेव्हा ठाण्यात एका लहानशा कंपनीत कामाला होतो. कंपनी म्हणजे स्टेशनसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली, मालक बापूराव, मी आणि एक टाइपरायटर. लोकांच्या सहली ठरवून द्यायच्या, हा आमचा धंदा. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. माणसं प्रवास करायची ती लग्नाला, नाहीतर देवाला. नुसतं समुद्राकाठी जाऊन बसायचं तर डॉक्टरने हवापालट सांगितलेली असावी लागे. बापूरावांचं म्हणणं असं, की पगारदार माणसाला आजारी न पडता हवापालट करायची इच्छा असते, फक्त त्याला कुणीतरी नीट पोचवून द्यायला हवं. त्यांचं म्हणणं खरं होतं. आम्हाला गिऱ्हाईक मिळत होतं.

गिऱ्हाईकाला आमच्या धंद्यात पार्टी म्हणतात. ही पार्टी कल्याणची होती. अप्पा कल्याणच्या कोर्टात वकील. उभा जन्म मुरबाड-शहापूरकडच्या शेतजमिनींच्या दाव्यांत गेला. त्यांना साठावं लागलं होतं. घरच्यांनी साठीची शांत करायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले की शांत वगैरे नको, नाताळात कोर्टाला सुट्टी असते, सगळ्यांनी मिळून समुद्रावर जाऊ. बायको, दोन मुलगे, दोन सुना, लेक, जावई आणि नातवंडं. एकही माणूस मागे राहता कामा नये, ही त्यांची एकच अट.

"शांत करायला भटजी लागतात," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "समुद्र बघायला लागत नाहीत. आमच्या हिने अजून समुद्रात पाय बुडवलेला नाही."

"पाय बुडवायचे ते गंगेत," आतून आलं होतं.

तीन पिढ्यांची पार्टी म्हणजे खरं तर तीन पार्ट्या असतात. अप्पांना सूर्यास्त हवा होता. जावयांना अंडी हवी होती, पण सासूच्या कानावर न जाता. धाकट्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. त्या जोडप्याला वेगळी खोली हवी होती, पण तोंडाने म्हणणार कोण? मी नकाशात त्यांना कोपऱ्यातली खोली दिली. तेव्हा धाकटे चिरंजीव नकाशाकडे न बघताच म्हणाले, "आमचं काय, आम्ही कुठेही."

"कुठेही म्हणजे कोपऱ्यातच," जावई म्हणाले. सगळे हसले. नवी सून उठून आत गेली.

थोरल्या सुनेने काहीच मागितलं नाही. सुमतीवहिनी. थोरले चिरंजीव दत्तोपंत मुंबईत सरकारी कचेरीत होते, त्यांच्या ह्या पत्नी. त्यांचा नंदू चार वर्षांचा होता. तो ओटीवर माझ्या नकाशावर गुडघे टेकून समुद्र कुठे आहे ते शोधत होता. मी त्याला कागदाच्या कडेला बोट लावून दाखवलं. "हे सगळं पाणी?" तो म्हणाला. मी हो म्हटलं.

तर माईंचा प्रश्न पाण्याचा होता. तो विनोदाने सुटण्यासारखा नव्हता. माई सोवळ्याच्या फार कडक. देव बरोबर येणार, देवांची पूजा रोज होणार आणि पूजेचं व स्वयंपाकाचं पाणी त्या स्वतः ओलेत्याने भरणार, हे सगळं आधीच मान्य झालं होतं. विहिरीत औषध टाकतात हे मात्र जावई बोलून गेले आणि घात झाला.

"मी स्वतः पाहणीला जाणारच आहे," मी म्हटलं. "माईंसाठी वेगळ्या पाण्याची सोय करून येतो."

"सोय झाली तर मी येते," माई म्हणाल्या. "नाहीतर नाही."

"आणि तू नाहीस तर मी नाही," अप्पा म्हणाले. "भिडे, सगळं आता तुमच्यावर."

पाहणी म्हणजे काय ते सांगतो. पार्टी नेण्याआधी कंपनीचा माणूस जागा डोळ्यांनी बघून येतो. बापूराव पाहणीत तीन गोष्टी बघायला सांगत. पाणी, संडास आणि रस्ता. खोल्या शेवटी. खोलीबद्दल माणूस कुरकुर करतो, पण पाणी वाईट निघालं तर कुरकुर करायलाही उरत नाही, असं ते म्हणत. त्यांचा एक नियम होता. विहीर आणि संडास एका नजरेत दिसता कामा नयेत. एक दिसत असताना दुसरा बघायला मान वळवावी लागली पाहिजे. रेतीच्या जमिनीत तर अंतर जास्तच हवं, कारण रेती पाणी अडवत नाही.

जागा आमच्याच जिल्ह्यात, उत्तरेकडे समुद्राला लागून होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आता दुसरी माणसं धंदा करतात, त्यांचा यात काही दोष नाही. एका वाडीच्या मालकाने नारळी आणि चिकूंच्या मधे बंगला आणि खोल्यांची एक ओळ बांधली होती. पुढे सुरूची झाडं आणि लगेच वाळू. मालक मुंबईला असे. कारभार मॅनेजर बघायचा. हसरा, बोलका माणूस.

मोठी विहीर बंगल्याच्या मागे होती, बांधलेली, कठडा असलेली. तीत दर आठवड्याला लाल औषध टाकत. पोटॅशियम परमँगनेट. साथीच्या भीतीने तेव्हा सगळीकडे टाकायचे. टाकलं की पाणी काही काळ जांभळट दिसतं. इथल्या पाण्याला शिवाय थोडी खारट चव होती.

"आमच्या पार्टीत एक वयस्कर बाई आहेत," मी मॅनेजरला सांगितलं. "त्यांना औषधाचं पाणी चालत नाही. दुसरी विहीर आहे का?"

"आहे ना! तिकडे, वाडीच्या टोकाला. गोड पाणी. नारळाचं पाणी आणि ते, डोळे मिटून प्यायलात तर फरक कळायचा नाही."

"तीत औषध टाकता?"

"ती बागेची हो. झाडांना कसलं औषध?"

त्याने मला नेलं. विहीर लहान होती, जुनी, पण पाणी स्वच्छ. त्याने बादली टाकून काढून दिलं. मी प्यायलो. खरंच गोड होतं. मी बादली खाली ठेवली आणि समोर पाहिलं. झावळ्यांच्या आडोशाने केलेला एक खोपटेवजा संडास समोरच होता. मान वळवावी लागली नाही.

"तो?" मी विचारलं.

"नोकरांचा होता. बंद आहे आता."

मी दोन पावलं तिकडे गेलो. खड्ड्याच्या कडेला चुना पडलेला होता. पांढरा, ताजा. बंद संडासात कोणी चुना टाकत नाही. मी ते पाहिलं. हे मी आज आठवून लिहीत नाही. मी ते तेव्हाच पाहिलं, तेव्हाच समजलो आणि परत फिरलो.

का फिरलो? कारण सोय झाली होती. माईंना वेगळी विहीर मिळत होती, माई येणार होत्या, म्हणजे अप्पा येणार होते, म्हणजे पार्टी ठरली होती. मी मॅनेजरला सांगितलं, ही विहीर उपसून घ्या, नवा दोर लावा, तांब्याची घागर ठेवा, आणि आमची पार्टी असेपर्यंत दुसऱ्या कोणाची बादली तीत पडू देऊ नका. तो म्हणाला, "बाईंच्या नावाने पाटी लावू का?" आम्ही दोघे हसलो.

ठाण्याला परत येऊन बापूरावांना सगळं सांगितलं. चुन्याचं सांगितलं नाही.

"विहीर आणि संडास?" त्यांनी विचारलंच.

"लांब आहेत," मी म्हटलं.

"शाबास. हे अप्पा खूश झाले ना, तर कल्याणचं अख्खं कोर्ट आपलं."

नाताळात पार्टी निघाली. कल्याणहून दादर, दादरला पूल ओलांडून पलीकडची लाइन, पुढे टांगे. ट्रंका, वळकट्या, सोवळ्याची पेटी आणि माईंच्या मांडीवर देवांचा डबा. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे मी पोचवायला गेलो आणि घडी बसेपर्यंत राहिलो. पहिल्याच संध्याकाळी अप्पा माईंचा हात धरून पाण्यापर्यंत गेले. माईंनी लुगडं घोट्यापर्यंत उचललं, लाट आली तशा "अगो बाई" म्हणून मागे सरल्या आणि सगळी मुलं ओरडली. अप्पांनी मागे वळून मला हात केला. माझ्या नोकरीत असा क्षण मला पुन्हा मिळाला नाही.

लहान विहिरीचं पाणी माईंसाठी होतं. पण दुसऱ्याच दिवशी ते सगळ्यांना आवडलं. मोठ्या विहिरीचं खारट आणि जांभळट, हे गोड. घागरी भरून स्वयंपाकघरात येऊ लागल्या. मॅनेजरने मला डोळा घातला.

त्या सकाळी सुमतीवहिनी मला मागच्या पडवीत भेटल्या. मी टांगेवाल्याची वाट बघत उभा होतो. त्यांच्या हातात रिकामं पातेलं होतं. त्या माझ्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "घरी मी नंदूला पाणी उकळून देते. त्याचं पोट नाजूक आहे. इथे माई म्हणतात, विहीर आपल्यासाठी राखलेली आहे, सोवळ्यातलं पाणी चुलीवर कशाला चढवायचं. तुम्ही विहीर बघितली आहे ना? उकळायला हवं का?"

प्रश्न सरळ होता. हो म्हणालो असतो, तर त्यांनी माईंना सांगितलं असतं की कंपनीचा माणूस उकळा म्हणतो. मग माईंनी मला बोलावलं असतं. का उकळायचं, पाण्यात काय आहे, तुम्ही तर चांगलं म्हणालात. दुसऱ्या दिवशीच देवांचा डबा टांग्यात जाऊन बसला असता.

"नको वहिनी," मी म्हटलं. "गरज नाही. हे पाणी नारळासारखं आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पातेलं पालथं घालून आत गेल्या.

मी दुपारी ठाण्याला निघून आलो. पार्टी सुट्टी संपेपर्यंत राहिली आणि आनंदात परत आली. अप्पांनी बापूरावांना कोर्टाच्या आवारात बोलावून चहा पाजला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नंदूला ताप आला. मग नव्या सुनेला. मग लेकीच्या घरी एका मुलीला. ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी निदान केलं. मुदतीचा ताप. विषमज्वर. पोटातून होतो, दूषित पाण्याने होतो आणि प्यायल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी दिसतो.

बापूरावांना कल्याणहून निरोप आला, की भिडे यांना पाठवा. ते खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले.

"ते वकील आहेत," ते म्हणाले. "नोटीस आली तर ही खोली बंद होईल. तुमचं काय होईल ते तुम्ही जाणता. पाणी उकळायचं सांगितलं होतंत ना?"

मी टाइपरायटरमधला कागद सरळ केला.

"भिडे, सांगितलं होतंत," ते म्हणाले. या वेळी तो प्रश्न नव्हता.

कल्याणला पारनाक्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओटीवर अप्पा, दत्तोपंत आणि डॉक्टर बसले होते. माई मधल्या दाराच्या उंबऱ्याशी. सुमतीवहिनी त्यांच्या मागे, आतल्या खोलीच्या अंधारात. नंदू त्याच खोलीत होता. त्याच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

अप्पांनी मला बसायला सांगितलं नाही. कोर्टात साक्षीदाराला विचारतात तसं विचारलं.

"तिथल्या पाण्याची पाहणी तुम्ही केली?"

"हो."

"पाणी कसं होतं?"

"चांगलं होतं. पण परगावचं पाणी आम्ही उकळूनच घ्यायला सांगतो."

"सांगता, का सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं."

"कोणाला?"

मला वाटलं होतं, तिथपर्यंत जाणार नाही. मी म्हणालो, "थोरल्या वहिनींना."

दत्तोपंतांनी मान वळवून दाराकडे बघितलं.

"सुमती," अप्पा म्हणाले, "हे खरं आहे?"

"नाही," आतून आवाज आला. "त्यांनी नको सांगितलं."

"म्हणजे हे खोटं बोलतात?"

घरातली सून परक्या माणसाला सासऱ्यासमोर खोटारडा म्हणत नसे, निदान त्या घरात नसे. नंदूने आई म्हणून हाक मारली आणि त्या उठून त्याच्याकडे गेल्या. ओटीवरच्यांना वाटलं, उत्तर नाही म्हणून उठल्या.

माई म्हणाल्या, "मी म्हणतच होते, हिचंच काहीतरी चुकलं असणार."

तुम्ही विचाराल, मला काय वाटलं. मला वाटलं, मुलगा बरा होईल. नवी औषधं निघाली होती, दत्तोपंत मुंबईहून कॅप्सूल घेऊन आले होते. मुलगा बरा झाला की कोणी काय सांगितलं होतं ते कोण लक्षात ठेवतो? घरात चार दिवस बोलाचाली होईल आणि संपेल. माझी नोकरी राहील. असा हिशेब मी ओटीवर उभ्या उभ्या केला.

नव्या सुनेचा ताप उतरला. लेकीची मुलगी बरी झाली. नंदूच्या आतड्यातून रक्त गेलं आणि तो त्याच आठवड्यात वारला.

मी अंत्यविधीला गेलो नाही. बापूराव जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, ठेवला, आणि म्हणाले, "नोटीस येणार नाही." त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी मला एकही पाहणी एकट्याने करू दिली नाही. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

अप्पांनी आमच्याशी संबंध तोडले असते तर बरं झालं असतं. झालं उलटंच. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या वकिलांना, मामलेदार कचेरीतल्या लोकांना माझं नाव सांगितलं. "माणूस सरळ आहे," ते सांगत. "बजावून सांगितलं होतं त्याने. आमच्याच घरात ऐकलं गेलं नाही." कल्याणचं कोर्ट खरोखरच आमचं गिऱ्हाईक झालं.

वर्ष-दीड वर्षाने अशाच एका कामाने मला त्यांच्या घरी जावं लागलं. अप्पांचे स्नेही तिथे येणार होते. मी ओटीवर थांबलो होतो. धाकट्या सुनेचं मूल रांगायचं संपवून नुकतं चालू लागलं होतं. मधल्या दारातून मला दिसत होतं, ते ताक घुसळत बसलेल्या सुमतीवहिनींच्या पदराला धरून पाणी मागत होतं. त्यांनी ताकात बुडालेले हात धुतले आणि भांड्याकडे वळल्या. तेवढ्यात आतून धाकटी सून आली. तिने मुलाला उचललं, वहिनींच्या हातातलं भांडं काढून घेतलं, त्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि दुसऱ्या भांड्यात नवं पाणी घेऊन मुलाला पाजलं. भांडण नाही, शब्द नाही. ती तिथली रोजची पद्धत होती. त्या घरात लहान मुलांना सुमतीवहिनींच्या हातचं पाणी देत नसत.

वहिनींनी मला पाहिलं. परत ताक घुसळायला बसल्या.

मी त्या दिवशी बोलू शकलो असतो. अप्पा वीस पावलांवर होते. मी बोललो नाही. स्नेही आले, त्यांचं बुकिंग घेतलं आणि ठाण्याला परत गेलो.

पुढे अप्पा वारले. घर वाटलं गेलं. दत्तोपंत आणि सुमतीवहिनी डोंबिवलीत ब्लॉक घेऊन राहू लागले. त्यांना नंतर दोन मुली झाल्या. मी कंपनीतून निवृत्त झालो. धाकट्या मुलाकडे आणि लेकीकडे थोडे थोडे दिवस राहून माई शेवटी थोरल्याकडे आल्या आणि अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं सुमतीवहिनी करत, हे मला लोकांकडून कळलं. कळल्यावर काही दिवस मी स्वस्थ बसू शकलो नाही. मग डोंबिवलीला गेलो.

दार वहिनींनीच उघडलं. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"या," त्या म्हणाल्या. "हे बाहेर गेलेत."

मी उभ्यानेच म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी अप्पांसमोर मी खोटं बोललो."

"ते मला काय सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी होते की तिथे."

"मला क्षमा…"

"भिडे, मला नका सांगू. मला ठाऊक असलेलं मला सांगून तुमचं काय होणार? आत माई आहेत. शुद्धीवर आहेत, ऐकू येतं त्यांना. त्यांना सांगा. एकदा त्यांच्या तोंडून मला ऐकायचं आहे, की माझं चुकलं नव्हतं. बाकी काही नको."

त्यांनी मला माईंच्या खोलीत नेलं आणि दार लोटून स्वयंपाकघरात गेल्या.

माई कुशीवर होत्या. देह अगदी लहान झाला होता. अंथरूण स्वच्छ, केस विंचरलेले. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. चुन्यापासून. आवाज चढवला नाही, पण शब्द गाळला नाही. माईंनी मधे एकदाही विचारलं नाही, की कोण नंदू, कुठली विहीर.

माझं संपल्यावर त्यांनी नजर भिंतीकडे वळवली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"विहीर माझी होती ना. माझ्यासाठी राखलेली. दुसऱ्या कोणाची बादली पडायची नाही तीत. मग रोग आला कुठून?" त्या थांबल्या. श्वास पुरत नव्हता. "पाणी चढवू नको, मीच म्हटलं होतं तिला. तुम्ही आलात, तिचं नाव घेतलंत. तिचं घेतलं नसतंत, तर माझं आलं असतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या खोट्याने ते घर फसलं.

"मग त्यांना सांगा आता," मी म्हटलं. "त्या स्वयंपाकघरातच आहेत. त्यांना एवढंच ऐकायचं आहे. मी बोलावतो."

माईंनी अंथरुणावरचा हात हलवला. बोलावू नका, असा.

"तिच्यावाचून माझं कोण करतंय?" त्या म्हणाल्या. "धाकटीने ठेवून घेतलं नाही. लेकीने नाही. हिला वाटतं की तिचं चुकलं, म्हणून करते. आज सांगितलं, आणि उद्या तिने करायचं सोडलं तर?"

"तसं नाही हो माई. त्यांना तर आधीपासूनच…"

"तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

मी बाहेर आलो. सुमतीवहिनी दाराशी उभ्या होत्या. हात पदराला पुसत. पन्नाशी उलटलेली बाई, पण चेहऱ्यावर पडवीतल्या त्या सकाळचीच प्रश्न विचारायची रीत.

"काय म्हणाल्या?"

मी खरं सांगितलं असतं, तर त्यांना दुसरी गोष्टही ऐकावी लागली असती. त्यांचं चुकलं नव्हतं हे माईंना सुरुवातीपासून माहीत होतं, आणि आजही त्या तोंड उघडणार नव्हत्या. ती गोष्ट त्यांना पचेल की नाही, हे ठरवणारा मी कोण? पण मी ठरवलं. तेव्हाही मीच ठरवलं होतं, आताही मीच.

"झोप लागली त्यांना," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं." आणि दार उघडून धरलं.

माई त्यानंतर फार दिवस जगल्या नाहीत. मी पुन्हा डोंबिवलीला गेलो नाही. गेल्या वर्षी सुमतीवहिनी गेल्या. तेराव्याला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर धाकट्या जाऊबाई, त्याही आता म्हाताऱ्या, एका नातसुनेला हळू आवाजात सांगत होत्या, "फार सोसलं हो त्यांनी. पहिला मुलगा त्यांच्याच हातून गेला ना. पाणी उकळायला सांगितलेलं, त्यांनी नाही उकळलं." नातसून चुकचुकली. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो आणि या वेळीही तोंडातून शब्द निघाला नाही. तोंडाने मला हे जमत नाही, एवढं आता सिद्ध झालं आहे. म्हणून लिहितो.

सुमतीवहिनींनी विचारलं होतं. सगळ्या पार्टीत एकट्या त्यांनीच विचारलं होतं. मी नको म्हणालो. संडास चालू होता हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलींनी, नातवंडांनी आणि त्या नातसुनेने हे वाचावं. माई काय म्हणाल्या, ते वाचून त्यांना त्रास होईल. तेही मी आता गाळत नाही, कारण गाळायचा अधिकार मला कधीच नव्हता.

राहता राहिलं धंद्याचं. सहलींच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला खूश ठेवा, बाकीचे आपोआप खूश होतात. मीही पुढे कितीतरी मुलांना तसंच शिकवलं. ते चूक आहे. बाकीचे खूश होत नाहीत. ते गप्प बसतात.